चित्राभोवतीचा कागद

दिवाळीत जूचंद्रला रांगोळी पाहायला जाणारा माणूस जमिनीवरचं पहिलं चित्र पाहतो तेव्हा ते भुकटीचं आहे यावर त्याचा विश्वास बसत नाही. म्हातारीच्या गालावरच्या सुरकुत्या, लुगड्याच्या काठाची जर, पितळेच्या तांब्यावर पडलेला उजेड, सगळं चिमटीतून सुटलेलं असतं. नायगाव पूर्वेचं हे गाव वसई तालुक्यात रांगोळीकारांचं गाव म्हणून ओळखलं जातं. एकेका चित्रामागे रात्री जागून घातलेले कित्येक तास असतात. प्रदर्शन संपलं की त्यावरून झाडू फिरतो आणि पुढच्या वर्षी त्याच जमिनीवर दुसरं चित्र उभं राहतं.

मागे फोटो उरतात. पण फोटोत न येणारी माहिती प्रदर्शनाच्या छापील कागदावर असते. कोणत्या मंडळानं भरवलं, कोणत्या साली, कुणाकुणाच्या रांगोळ्या होत्या, उद्घाटनाला कोण आलं होतं, खाली कोणत्या दुकानाची जाहिरात होती. हे हँडबिल, ही निमंत्रणपत्रिका, ही पातळ स्मरणिका कुणी ठेवली नाही, तर त्या वर्षीच्या कलेचा पत्ताच पुसला जातो. रांगोळीच्या बाबतीत हे चटकन पटतं, कारण चित्र डोळ्यांसमोर नाहीसं होतं. कॅनव्हासवरच्या चित्रांचीही गत फारशी वेगळी नाही, हे कळायला थोडा वेळ लागतो. चित्र विकलं जातं, कुणाच्या तरी दिवाणखान्यात जातं आणि चित्रकाराच्या आयुष्यातून कायमचं बाहेर पडतं. त्याच्याकडे राहते ती प्रदर्शनाची पत्रिका आणि एक घडीचा कॅटलॉग.

मी हेच जमवतो. आपल्या काळातल्या चित्रकारांच्या निमंत्रणपत्रिका, कॅटलॉग, पोस्टरं, किंमतपत्रकं, त्यांनी काढलेली अनियतकालिकं, त्यांनी सजवलेले दिवाळी अंक, मोजक्या प्रतींत छापलेली मुद्राचित्रं आणि पुस्तिका. चित्रं विकत घेण्याची ऐपत नाही म्हणून कागद जमवतो, असा समज होतो. माझं म्हणणं असं आहे की गेल्या साठ-सत्तर वर्षांतली महाराष्ट्रातली काही फार महत्त्वाची कला कागदावरच झाली, कागदासाठीच झाली, आणि ती भिंतीवर कधी लागलीच नाही.

वसई-विरारला राहून हा उद्योग करण्यात एक सोय आहे. मुंबईची चित्रं काळा घोड्याला लागतात, पण ती लावणारे बरेच हात लोकलनं वर परततात. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 मध्ये उघडली. चर्चगेटहून ती चालत जाण्याच्या अंतरावर, आणि चर्चगेटहून सुटणारी गाडी शेवटी विरारला येते. शहरातल्या जागा हाताबाहेर गेल्यावर जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडलेली मुलं, जाहिरात कंपन्यांतले आर्टिस्ट, चित्रकला शिक्षक, मुखपृष्ठकार यांनी वसई, नालासोपारा, विरारला खोल्या घेतल्या. वसईत आता वसई विकासिनीचं दृककला महाविद्यालयही आहे. वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांतून छपाईची आणि पॅकेजिंगची कामं चालतात. म्हणजे काढणारे इथले, छापणारेही इथले, आणि छापलेलं शेवटी ज्या माळ्यावर जाऊन पडतं तो माळाही इथलाच.

विरारला एका दिवंगत चित्रकाराच्या घरी गेलो होतो. वहिनी म्हणाल्या, "चित्रं लेकीनं नेली. हे कागद तेवढे राहिलेत. रद्दीवाल्याला उद्या ये म्हटलंय."

"वहिनी, उद्या नको. एक दिवस मला बसू द्या."

"बसा की. पण त्यात तुमच्या कामाचं काय असणार? सगळी जुनी आमंत्रणं आहेत, आणि तीही दुसऱ्यांचीच."

दुसऱ्यांची होती, हेच तर त्यांचं मोल. चित्रकार आपल्या प्रदर्शनाची पत्रिका मित्रांना पाठवतो, मित्र त्यांच्या पाठवतात. तेव्हा एका माणसाच्या खोक्यात एका पिढीचं येणंजाणं साठतं. पत्रिकांच्या पाठीवर फोन नंबर होते, रंगाच्या दुकानाचा हिशेब होता, गाडीत उभ्यानं काढलेली माणसांची रेखाटनं होती. आणि पत्रिकांच्या पोटात घडी घालून ठेवलेली किंमतपत्रकं होती. प्रदर्शनाच्या सगळ्या कागदांत आधी फेकलं जातं ते किंमतपत्रक, कारण त्यावर चित्र नसतं. नुसते अनुक्रमांक, माप, माध्यम, रुपये. पण एखाद्या काळात तैलरंगाला काय भाव होता, मुद्राचित्राला काय, बाईच्या चित्राला पुरुषाच्या चित्राइतकेच पैसे मागितले जात होते का, हे सांगणारा दुसरा कागद नाही. कडेला पेन्सिलीनं केलेली खूण असेल तर काय विकलं गेलं तेही कळतं. रद्दीत मात्र अशा कागदाला वर्तमानपत्राएवढाही भाव येत नाही. वर्तमानपत्र पुड्या बांधायला लागतं, गुळगुळीत आर्ट पेपरचा तोही उपयोग नाही.

मराठीत या संग्रहाची खरी सुरुवात चित्रकारांच्या कॅटलॉगपासून होत नाही, ती अनियतकालिकांपासून होते. 1954 च्या सुमाराला दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांनी 'शब्द' काढलं, ते चक्रमुद्रित होतं. साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं 'असो' आलं, मग 'येरू', 'फक्त', 'भारूड', औरंगाबादहून भालचंद्र नेमाडे यांचं 'वाचा', नामदेव ढसाळ आणि राजा ढाले यांचा 'विद्रोह'. नियतकालिक म्हटलं की सरकारदरबारी नोंदणी आली, ठरल्या तारखेला अंक काढणं आलं. पैसे जमले की अंक काढणाऱ्यांना ते परवडणारं नव्हतं, म्हणून ही अनियतकालिकं.

यातलं एखादं चक्रमुद्रित पान हातात घेऊन उजेडासमोर धरावं. स्टेन्सिल म्हणजे मेण चढवलेला पातळ कागद. टाइपरायटरची फीत बाजूला सारून त्यावर नुसती अक्षरं आपटायची, किंवा टोकदार लेखणीनं हातानंच लिहायचं. मेण जिथे तुटतं तिथून शाई झिरपते आणि खालच्या कागदावर उमटते. चूक झाली तर तांबड्या वार्निशचा ठिपका लावून ते भोक बुजवायचं आणि वर पुन्हा आपटायचं; अशा जागी अक्षर किंचित पुसट येतं. प्रती वाढत जातात तसं स्टेन्सिल थकतं, 'म' आणि 'भ' यांची पोटं शाईनं भरतात. त्यामुळे दोन प्रती शेजारी ठेवल्या की आधीची कोणती, नंतरची कोणती, हे नजरेला कळतं. कागद सगळ्यांत स्वस्त असतो, आज तो चहाच्या रंगाचा झालेला असतो आणि घडीवर तुटतो. पण पानाची मांडणी पाहा. समास कुठे सोडलाय, नाव केवढ्या आकाराचं घेतलंय, ओळ कुठे तोडलीय. छापखान्याच्या कंपोझिटरनं जे करू दिलं नसतं ते या पोरांनी आपल्या हातानं केलं. ही पानं कवितेच्या इतिहासात मोजली जातात, तशी ती चित्रकलेच्या इतिहासातही मोजली पाहिजेत.

कोलटकर जे.जे.त शिकले होते आणि पोटासाठी जाहिरात क्षेत्रात ग्राफिक डिझायनर होते. त्या धंद्यातले मोठे सन्मान त्यांना मिळाले. 1976 मध्ये आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चौघा कवींनी 'क्लिअरिंग हाउस' ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. 'जेजुरी' त्याच वर्षी तिच्यातर्फे आली. मुखपृष्ठं कोलटकरांची, आकारही नेहमीच्या पुस्तकाला न शोभणारा. पाठोपाठ 1977 मध्ये अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनानं 'अरुण कोलटकरच्या कविता' काढलं. पुढे 2003 मधलं 'भिजकी वही' पाहिलं तरी दिसतं की कवितेची लांबी, कागदाचा पोत, पानावरची मोकळी जागा हा सगळा एकाच विचाराचा भाग आहे. पुढच्या आवृत्त्यांत मजकूर तोच राहतो, तरी पहिली आवृत्ती वेगळी ठेवावी लागते ती याचसाठी. मी नव्या मित्रांना सांगतो, पहिली आवृत्ती सहीसाठी घेऊ नका, मापासाठी घ्या. फूटपट्टी लावून उंची-रुंदी लिहून ठेवा.

बडोद्याला 'जेजुरी'च्या काही वर्षं आधी गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खक्कर 'वृश्चिक' काढत होते, 1969 ते 1973. चित्रकारांनी काढलेलं, चित्रकारांनी सजवलेलं, ललित कला अकादमीच्या कारभारावर तुटून पडणारं. खक्कर मूळचे मुंबईचे, व्यवसायानं चार्टर्ड अकाउंटंट. 1972 मध्ये गॅलरी केमोल्डमधल्या प्रदर्शनासाठी त्यांनी जो कॅटलॉग केला तो आपल्याकडच्या छापील कलेतला मोठा टप्पा आहे असं मी मानतो. कॅटलॉगमध्ये चित्रकाराचा गंभीर चेहरा आणि समीक्षकाचं जड गद्य असतं. इथे खक्कर स्वतः वेगवेगळ्या सोंगांत फोटोला उभे आहेत, कधी जेम्स बाँड, कधी शरीर कमावलेला मिस्टर युनिव्हर्स, आणि मजकूरही त्याच चालीचा. प्रदर्शन काही दिवसांत उतरलं. ती पुस्तिका मात्र पन्नास वर्षांनंतरही अभ्यासकांच्या लेखांतून पुन्हा पुन्हा येते, कारण भिंतीवरच्या चित्रांत खक्करना जे म्हणायचं होतं तेच त्यांनी तिच्या पानांत वेगळ्या साधनानं म्हटलं होतं.

ग्रुप 1890 ची हकीगत याहून बोलकी आहे. बारा कलावंत, त्यांत आपल्या अकोल्याचे अंबादास. भावनगरच्या एका घरी 1962 मध्ये जमले आणि त्या घराचा नंबरच नाव म्हणून घेतला. दिल्लीला ऑक्टोबर 1963 मध्ये प्रदर्शन झालं, उद्घाटनाला पंडित नेहरू, आणि कॅटलॉगला प्रस्तावना तेव्हाचे मेक्सिकोचे भारतातले राजदूत, कवी ऑक्टाव्हिओ पाझ यांची. या गटाचं हे पहिलं आणि शेवटचं प्रदर्शन. चित्रं चहूकडे पांगली. गट म्हणून ते बारा जण काय म्हणत होते हे आज ज्यात एकत्र सापडतं तो ऐवज म्हणजे तो कॅटलॉग.

अमेरिकेत त्याच 1963 साली एड रुशे यांनी 'ट्वेंटीसिक्स गॅसोलीन स्टेशन्स' छापलं. रस्त्यावरच्या सव्वीस पेट्रोल पंपांचे साधे फोटो, बाकी काही नाही. चारशे क्रमांकित प्रती. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ते ठेवून घ्यायला नकार दिला, तर रुशे यांनी त्या नकाराचीच जाहिरात एका कलामासिकात दिली. पुढे 1976 मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'प्रिंटेड मॅटर' आणि 'फ्रँकलिन फर्नेस' अशी दोन ठिकाणं चित्रकारांच्या प्रकाशनांसाठी उभी राहिली. फ्रँकलिन फर्नेसचा पुस्तकसंग्रह 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं घेतला. ग्रंथालयानं नाकारलेल्या प्रकारच्या वस्तूंचा असा अख्खा संग्रह संग्रहालयाच्या दारातून आत यायला तीस वर्षं लागली.

आपल्याकडे नाकारण्याचीसुद्धा वेळ येत नाही, कारण कुणी नेऊनच देत नाही. 1954 च्या कायद्यानं प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना द्यायची असते. निमंत्रणपत्रिका पुस्तक नव्हे, पोस्टर पुस्तक नव्हे, किंमतपत्रक तर नाहीच. नोंदणी टाळून निघालेली अनियतकालिकं त्या वाटेनं जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे कायद्याच्या जाळीतून हा सगळा कागद गळून पडला आणि घरांत राहिला. परिणाम असा की साठोत्तरी मुंबईच्या कवींचे कागद, अनियतकालिकं, पत्रं एकत्र पाहायची तर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात जावं लागतं. तिथला बॉम्बे पोएट्स आर्काइव्ह अंजली नेर्लेकर यांच्यासारख्या अभ्यासकांच्या खटपटीतून उभा राहिला. कोलटकरांवरच्या त्यांच्या 2016 मधल्या पुस्तकात अनियतकालिकांच्या छपाईकडे, मांडणीकडे ज्या बारकाईनं पाहिलंय तसं मराठीतही फार थोड्यांनी पाहिलं आहे. चित्रकलेच्या बाजूला हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हनं गीता कपूर आणि विवान सुंदरम यांचा संग्रह, बडोद्याच्या ज्योती भट्ट, शेख, रतन परिमू यांच्याकडचे कागद स्कॅन करून जगाला खुले केले. बाहेर गेलं म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही. त्यांनी विचारलं, म्हणून त्यांना मिळालं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासून उभं आहे, ठाण्याचं त्याही आधीपासून, 1893 पासून. पुस्तकं आणि मासिकं त्यांनी प्राणपणानं सांभाळली. एकपानी कागदासाठी मात्र आपल्या ग्रंथालयांत कपाट नाही, नोंदवही नाही, वर्गीकरणाचा आकडा नाही. माझा राग असलाच तर तो या रिकाम्या कपाटावर आहे.

एका बाबतीत मात्र महाराष्ट्रानं जगाला हेवा वाटावा असं केलं, आणि ते वाचकाच्या हातात आत्ता आहे. 1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून चित्रकाराचं काम हजारो घरांत नेणारी ही एक वार्षिक आवृत्तीच आपण चालवत आलो. दीनानाथ दलाल यांनी 1945 मध्ये 'दीपावली' सुरू केला. चित्रकार संपादक, चित्रकार मालक. रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं लोकांनी फ्रेम करून भिंतीवर लावली. दलालांचं मूळ चित्र पाहिलेला माणूस विरळा. त्यांचं छापील चित्र न पाहिलेलं मराठी घर त्या काळात विरळा होतं. मग मूळ कोणतं म्हणायचं? छपाईसाठीच काढलेल्या चित्राचं अंतिम रूप छापील पानच असतं. रंग कितपत उतरेल, ठशाला काय झेपेल, हे मनात धरूनच दलालांचा कुंचला चालत होता.

मधुकर पाटकर यांच्या 'आवाज' या दिवाळी अंकातल्या खिडकीचित्रांकडे संग्राहकाच्या नजरेनं पाहिलं तर थक्क व्हायला होतं. वरच्या पानात कापलेली खिडकी. तिच्यातून खालच्या पानाचा जेवढा तुकडा दिसतो त्यावरून मनात नको ते चित्र तयार होतं. पान उलटलं की भलतंच साधं दृश्य निघतं आणि चावटपणा बघणाऱ्याच्या पदरात पडतो. चंद्रशेखर पत्की यांनी ही चित्रं वर्षानुवर्षं काढली. हे साधायचं तर दोन पानांवरचं रेखाटन सुताइतकं जुळावं लागतं, खिडकी प्रत्येक प्रतीत त्याच जागी कापली जावी लागते, आणि बांधणीत पान जराही सरकून चालत नाही. कापील पानांची पुस्तकं परदेशात मोजक्या प्रतींत निघतात आणि काचेच्या पेटीत ठेवली जातात. आपल्याकडे ती हजारोंनी निघाली, सलूनमध्ये आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात वाचली गेली. म्हणूनच खिडक्या शाबूत असलेली जुनी प्रत आज दुर्मीळ आहे. पोरांनी त्या बोटांनी फाडलेल्या असतात.

सतीश नाईक यांच्या 'चिन्ह'चं काम याच परंपरेतलं. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमनं 2014 मध्ये चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्याच्या कितीतरी आधीपासून गायतोंड्यांना ओळखणाऱ्या माणसांच्या आठवणी मराठीत गोळा होत होत्या त्या या वार्षिकात. चित्रकार प्रभाकर बरवे यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक 1990 मध्ये मौज प्रकाशनानं काढलं. बरव्यांच्या डायऱ्या 2019 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मांडल्या गेल्या तेव्हा लोक चित्रांइतकाच वेळ त्या हस्तलिखित पानांसमोर उभे होते.

नंतरच्या पिढीनं कागदाला रस्त्यावर आणलं. शिल्पा गुप्ता आणि कराचीच्या हुमा मुलजी यांनी 2000 पासून 'आर-पार' चालवलं. 2002 च्या फेरीत दोन्ही देशांतल्या चित्रकारांची चित्रं ई-मेलनं सीमेपार गेली, तिकडे एका रंगात पोस्टरं म्हणून छापली गेली आणि रस्त्यांवर लावली, वाटली गेली. त्या काळात माणसाला व्हिसा मिळणं कठीण होतं, चित्र मात्र पोचलं. तुषार जोग यांनी 'युनिसेल पब्लिक वर्क्स सेल' या नावानं एक कचेरीच उभी केली होती. सरकारी खात्याच्या थाटाचे आराखडे, माहितीपत्रकं, पोस्टरं. त्यात लोकलला लटकून जाणाऱ्यांसाठी 'कम्यूटर्स अटॅचमेंट सिस्टीम' नावाची योजना होती. विरार गाडीच्या दारात एक पाय ठेवून ज्यानं बोरिवली गाठली आहे त्याला या आराखड्यातली वेदना वेगळी समजावून द्यावी लागत नाही. जोग 2018 मध्ये गेले. ज्यांच्यासाठी ते काम होतं त्या उपनगरांतल्या किती घरांत त्याचा एखादा कागद असेल? असला तर तो ओळखला जावा म्हणून हे इथे मुद्दाम लिहिलं.

आता सांभाळण्याबद्दल, कारण वसईत जमवणं सोपं आणि टिकवणं अवघड. कागदाला पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते; आपल्याकडे पावसाळ्यात हवा आठवडेच्या आठवडे ऐंशीच्या वर असते. खाडी जवळ, मिठागरं जवळ, त्यात खारा वारा. पहिली गंजते ती पिन. गंज कागदात उतरतो आणि पिनेभोवती तांबूस भोक पडतं, म्हणून स्टेपलच्या पिना काढून सुती दोरा घालावा. रबर बँड वितळून चिकटतो, सेलोटेप पिवळी पडून डाग सोडते, दोन्ही काढावेत. लॅमिनेशन कधीही करू नये, ते पुन्हा निघत नाही. साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चिकटतात आणि छपाई उचलून घेतात. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं मिळतात, ती महाग पडली तर आम्लमुक्त कागदाची पाकिटं घरी करता येतात. कसर लागलेला अंक घट्ट बंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवला की किडे मरतात आणि डांबराच्या गोळ्यांचा वासही लागत नाही. सिलिका जेलच्या पुड्या ऊन किंवा मंद आच देऊन पुन्हा कोरड्या करता येतात. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये आणि सगळ्यांत खालचा खण रिकामा ठेवावा.

तो खालचा खण आम्ही पावसाकडून शिकलो. जुलै 2018 मध्ये वसई, नालासोपारा पाण्यात गेलं, रुळांवर पाणी चढलं, गाड्या बंद पडल्या. तळमजल्यांवरच्या घरांत जे भिजलं त्यात पुस्तकं होती, अल्बम होते, चित्रकारांचे गठ्ठेही होते. भिजलेला साधा कागद वाळवता येतो. आर्ट पेपर मात्र वाळताना एकमेकांना चिकटतो, त्याच्यावरचा चिनी मातीचा लेप पानापानांत सिमेंटसारखा धरतो, आणि नेमके कॅटलॉग आर्ट पेपरवर छापलेले असतात. अशा वेळी ते वाळायच्या आत पान पान सुटं करून मध्ये शोषक कागद घालावा. तेवढी सवड नसेल तर भिजलेला गठ्ठा तसाच पिशवीत घालून गोठवावा आणि पाणी ओसरल्यावर थोडा थोडा सोडवावा. एवढं माहीत असतं तर पुष्कळ वाचलं असतं.

कागद कोणाकडून, कधी, कुठे मिळाला हे त्याच दिवशी लिहून ठेवावं. पत्रिकेवर तारीख असते, साल नसतं. "दि. 14 ते 20, सकाळी 11 ते सायंकाळी 7" एवढंच. साल ठरवायचं तर टपालाच्या शिक्क्याकडे पाहावं लागतं, म्हणून पाकीट टाकू नये. पिनकोड 1972 मध्ये आला, तेव्हा पत्त्यात तो नसेल तर एक अंदाज बांधता येतो. फोन नंबर किती आकडी आहे यावरूनही काळ पकडता येतो. मुद्राचित्र असेल तर खालच्या डाव्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेला अपूर्णांक पाहावा. 7/25 म्हणजे पंचवीसांतली सातवी प्रत. तो अंक शाईत असेल किंवा छापलेलाच असेल तर जरा सावध राहावं.

छापील पत्रिका आता थांबत चालली आहे. निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर येतं आणि फोन बदलला की जातं. मी अशी निमंत्रणं साध्या कागदावर छापून, मागे कुणी आणि कोणत्या तारखेला पाठवलं ते लिहून ठेवतो. त्याच वेळी तरुण मुलं उलट्या दिशेनं निघाली आहेत. 'बॉम्बे अंडरग्राउंड'च्या हिमांशू एस. आणि अकी थामी यांनी 2017 मध्ये मुंबईत झीन फेस्ट भरवला. हातानं केलेल्या, झेरॉक्स काढलेल्या, शिवलेल्या पुस्तिका टेबलावर मांडून विकायच्या आणि एकमेकांशी बदलायच्या. त्यांच्यातल्या कित्येकांना रिसोग्राफ नावाच्या जपानी यंत्राचं वेड आहे. त्या यंत्रात ड्रमला गुंडाळलेलं स्टेन्सिल असतं आणि त्याच्या छिद्रांतून शाई झिरपते. 'शब्द'ची पानं ज्या तत्त्वावर निघाली तेच हे. त्या मुलांना 'शब्द' दाखवला की त्यांचे डोळे चमकतात. दाखवायला तो जवळ असावा लागतो, एवढंच.

2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं एकत्र होऊन वसई-विरार महापालिका झाली. इतक्या मोठ्या शहराला एका खोलीचं कागदघर जड नाही. तीनच गोष्टी लागतात: वरच्या मजल्यावरची कोरडी खोली, सपाट ठेवता येतील असे उथळ खण, आणि नोंदवही सांभाळणारं एक माणूस. जूचंद्रच्या रांगोळी प्रदर्शनांच्या स्मरणिका, शाळांच्या चित्रकला शिक्षकांचे गठ्ठे, कला-क्रीडा महोत्सवाची हँडबिलं, चर्चच्या अंकांवरची रेखाटनं, नालासोपाऱ्यातल्या चित्रकारांचे कॅटलॉग, हे सगळं पंधरा-वीस किलोमीटरच्या आत आजही घराघरांत आहे. दृककला महाविद्यालयातल्या मुलांना सुट्टीत एकेक गल्ली वाटून दिली तरी यादी तयार होईल. वस्तू लगेच ताब्यात घ्यायची गरजही नाही. आधी कुठे काय आहे हे कळू दे.

ही खोली होईपर्यंत वाचकांकडे एक मागणं आहे, आणि ते अगदी व्यवहाराचं आहे. घरी जुन्या अंकांचा संच असेल तर त्याचे पुठ्ठ्यात बांधून खंड करू नका. बांधणारा कडा सारख्या करायला तीन बाजूंनी पान कापतो, त्यात समासातली रेखाटनं जातात. मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पानं तो बहुधा काढूनच टाकतो. मुखपृष्ठकाराचं नाव मात्र पुष्कळदा त्याच सुरुवातीच्या पानांत बारीक अक्षरांत छापलेलं असतं. अंक सुटे ठेवा, उभे न ठेवता आडवे ठेवा, आणि देऊन टाकायचे ठरवलंत तर जाहिरातींसकट, पाकिटासकट, आत सापडलेल्या चिठ्ठीसकट द्या.